जार्दिनिएरा घरी करताना: कोणती बरणी, कोणतं व्हिनेगर

जार्दिनिएरा, म्हणजे व्हिनेगरमधल्या भाज्यांचं इटालियन लोणचं, घरी करायची ठरली की पहिला खर्च होतो तो देखण्या काचेच्या बरण्यांवर. तारेची कडी, रबराची रिंग, काचेवर उठवलेली नक्षी, आणि आत पांढरा फ्लॉवर, केशरी गाजर, लाल-पिवळी ढोबळी मिरची. दिसायला त्या सुंदरच दिसतात. बरण्यांचं परीक्षण खाली सविस्तर आहे, पण या लोणच्याचं बरंवाईट बरणीच्या आधी ठरतं. ते ठरवतो व्हिनेगरच्या बाटलीवर बारीक अक्षरात छापलेला आम्लतेचा आकडा. बरणी चुकली तर फार तर झाकण फुकट जातं. आकडा चुकला तर सगळा घाणा फेकावा लागतो.

जार्दिनिएरे म्हणजे इटालियनमध्ये माळी. हंगाम सरताना मळ्यात जे उरलं ते हिवाळ्यासाठी व्हिनेगरमध्ये घालून ठेवायचं, ही उत्तर इटलीतली जुनी रीत. अशा भाज्यांना तिथे सॉत्ताचेती म्हणतात, म्हणजे व्हिनेगरखालच्या भाज्या. साखर घालून आंबटगोड केल्या की आग्रोदोल्चे. पिएमोंते प्रांतात त्यात टोमॅटोचा रस पडतो आणि ती जेवणाआधीची डिश होते. अटलांटिकपलीकडे शिकागोत इटालियन स्थलांतरितांनी तिला तिखट मिरच्या आणि तेलाची जोड दिली, आणि तिथल्या इटालियन बीफ सँडविचवर ती आजही पडते. या लेखात उत्तर इटलीची, व्हिनेगरमधली, किंचित गोडसर जार्दिनिएरा धरली आहे. तेलातली का नाही, ते पुढे येईल.

व्हिनेगर

युरोपीय नियमांनुसार वाइन व्हिनेगरची आम्लता किमान ६ टक्के असावीच लागते. त्यामुळे इटालियन पाककृती ‘अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी’ असं बिनधास्त सांगते, कारण तिच्या हिशोबाने द्रावात ३ टक्के आम्ल उरतं. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ही किमान मर्यादा ३.७५ टक्के आहे आणि किराणा दुकानातल्या बहुतेक पांढऱ्या बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेलं असतं. तीच पाककृती त्या बाटलीने केली तर द्रावात २ टक्केच आम्ल राहतं, मूळ पाककृतीच्या दोन तृतीयांश. चव फारशी बिघडत नाही, म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन पाककृतींत तर तिसराच आकडा गृहीत धरलेला असतो, ५ टक्के. म्हणजे तीन देशांतल्या तीन पाककृतींत ‘एक कप व्हिनेगर’ म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी.

एक किलो चिरलेल्या भाजीला एक लिटर द्राव धरा आणि त्यात ३.६ टक्के आम्लता ठेवा. व्हिनेगर ६ टक्क्यांचं असेल तर ६०० मिली व्हिनेगर आणि ४०० मिली पाणी. ५ टक्क्यांचं असेल तर ७२० मिली व्हिनेगर आणि २८० मिली पाणी. ४ टक्क्यांचं असेल तर ९०० मिली व्हिनेगर आणि जेमतेम १०० मिली पाणी. हे पाणी वगळलं तरी बिघडत नाही, आंबटपणा थोडा वाढेल इतकंच. लेबलवर टक्केवारी छापलेली नसेल तर ते व्हिनेगर यासाठी घेऊच नका.

इतका जोर कशासाठी? भाजी म्हणजे जवळजवळ पाणीच. एक किलो फ्लॉवर-गाजरात सुमारे ९०० मिली पाणी असतं. बरणीत पंधरा दिवस मुरल्यावर ते आणि बाहेरचा द्राव एकजीव होतात आणि सुरुवातीची आम्लता निम्म्यावर येते. भाजीसकट सगळ्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली राहायलाच हवा, कारण त्याच्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत, त्यांना प्रेशर कॅनरमधलं १२१ अंश तापमान लागतं. घरच्या बरणीत त्यांना थोपवतं ते फक्त आम्ल. ४.६ ही कड्याची धार समजा. प्रत्यक्षात ४.२ च्या खाली राहण्याचं ध्येय ठेवा.

आता प्रत्येक व्हिनेगरबद्दल. पांढरं वाइन व्हिनेगर सर्वांत उत्तम. त्याला द्राक्षाचा हलका वास असतो आणि उकळल्यावरही ते नाकात चढत नाही. पिएमोंतेतल्या पोन्तीसारख्या कंपन्यांचं ६ टक्क्यांचं व्हिनेगर आयात मालाच्या दुकानांत मिळतं. किंमत जास्त असते, पण एका घाण्याला ६०० मिलीच लागतं हे ध्यानात घेतलं तर फरक वाटतो तेवढा मोठा नाही. सफरचंदाचं व्हिनेगर बहुतेकदा ५ टक्क्यांचं असतं. चव चांगली येते, पण रंग तपकिरी असल्यामुळे पांढरा फ्लॉवर मळकट दिसतो. गाळलेलं घ्या, ‘मदर’ (जिवाणूंचा गढूळ साका) असलेलं नको, नाहीतर बरणीच्या तळाशी गाळ बसतो. आपल्या दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर पुष्कळदा ‘सिंथेटिक’ असतं, म्हणजे अॅसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं. लेबलवर तसं लिहिणं बंधनकारक आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत ते कमी नाही, आम्ल ते आम्लच. पण चव एकसुरी आणि धारदार येते. तेच वापरायचं असेल तर साखर ८० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम घाला आणि एक महिना मुरू द्या. धार पुष्कळ बोथट होते.

गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर चवीला यांतल्या कित्येकांपेक्षा सरस आहे, पण घरगुती बाटलीवर आम्लतेचा आकडा नसतो आणि ती घाण्यागणिक बदलते. सोरपोतेलला ते हवंच. महिनोन्‌महिने कपाटात ठेवायच्या बरणीला ते नको. फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवायच्या छोट्या बरणीत जरूर वापरून बघा.

आपलं लोणचं आणि हे लोणचं

मराठी स्वयंपाकघरात हात एका गोष्टीला आपोआप जातो: वर तेलाचा थर. कैरीच्या लोणच्यात तो थर चालतो, कारण खाली भरपूर मीठ असतं आणि कैरी स्वतःच आंबट असते. फ्लॉवर आणि गाजर आंबट नाहीत, आणि जार्दिनिएरात मीठही जेमतेम ३ टक्के. अशा भाजीवर तेल ओतलं की हवा बंद होते, आणि बोट्युलिझमच्या जंतूला नेमकी हवा नसलेली जागाच लागते. घरच्या, विशेषतः तेलातल्या, भाज्यांमुळे विषबाधा होण्याचे प्रकार इटलीत आजही घडतात आणि तिथली सरकारी आरोग्य यंत्रणा त्याबद्दल लोकांना वारंवार बजावते. काही इटालियन घरांत उकळत्या द्रावातच अर्धी वाटी ऑलिव्ह तेल घालतात. ते हवं असेल तर ती बरणी फ्रिजमध्येच ठेवा. कपाटात ठेवायच्या बरणीत तेलाचा थेंबही नको. खायला काढताना वाडग्यात वरून तेल घाला, चव तीच येते.

भाज्या

वजन साफ करून चिरल्यावरचं: फ्लॉवर ३०० ग्रॅम, गाजर २०० ग्रॅम, लाल आणि पिवळी ढोबळी मिरची मिळून २०० ग्रॅम, सेलरीचे दांडे १५० ग्रॅम, छोटे सांबारचे कांदे १०० ग्रॅम, फरसबी ५० ग्रॅम. इटलीत या कांद्यांच्या जागी चपटे बोरेत्ताने कांदे पडतात, आपले छोटे कांदे त्यांची जागा चांगली घेतात. सेलरी वगळू नका. तिच्याशिवाय हा पदार्थ नुसता भाज्यांचं व्हिनेगर होतो. छोट्या काकड्या, म्हणजे गर्किन, मिळाल्या तर फरसबीच्या जागी घ्या. कर्नाटकात त्या निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर पिकतात, पण ताज्या स्वरूपात आपल्या मंडईत क्वचितच येतात. साध्या काकडीचे तुकडे घालू नका, त्या पाणी सोडतात आणि आठवड्यात मऊ पडतात.

गाजर केशरी, जाड आणि कडक घ्या. हिवाळ्यातलं लाल गाजर गोड असलं तरी मऊ पडतं. फ्लॉवरचे तुरे दोन ते अडीच सेंटिमीटरचे हवेत, त्याहून मोठे नकोत, आणि जाड दांडा असलेला तुरा उभा चिरा. कारण असं: आम्ल बाहेरून आत शिरतं आणि सर्वांत शेवटी पोचतं ते दांड्याच्या गाभ्यात. चार दिवसांनी एक मोठा तुरा काढून दांडा मधोमध चिरून बघा. कडेचा भाग किंचित पारदर्शक झालेला असतो आणि मधे खडूसारखा पांढरा, कोरडा ठिपका उरलेला असतो. तो ठिपका चाखा, कच्च्या फ्लॉवरची चव लागते. म्हणजे तिथे आम्ल अजून पोचलेलं नाही. तुरा लहान असेल तर तो ठिपका दोन दिवसांतच नाहीसा होतो. ‘एकसारखे तुकडे करा’ ही सूचना दिसण्यासाठी असते असं वाटतं. खरं कारण हा ठिपका आहे.

मीठ साधं खडे मीठ किंवा सैंधव. आयोडीनचं बारीक मीठ चालतं, पण ते मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थांमुळे द्राव गढूळ होतो. मसाल्यात दहा-बारा काळी मिरी, तीन लवंगा आणि दोन पानं. पानांबाबत एक खुलासा: इटालियन अल्लोरो म्हणजे लॉरेलचं पान, आणि आपलं तमालपत्र दालचिनीच्या प्रजातीतलं. दोन्हींचा वास वेगळा. तमालपत्र घातलं तर अर्धंच घाला, नाहीतर बरणीला पुलावाचा वास येतो.

कृती

पातेलं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, कल्हई असली तरी नको. आम्ल धातू खातं. एक लिटर द्रावात ३० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम साखर आणि मसाले घालून उकळी आणा. उकळी आली की झाकण ठेवा, म्हणजे द्राव आटणार नाही.

भाज्या एकत्र टाकू नका. एक किलो गार भाजी एक लिटर द्रावात पडली की उकळी बसते, ती परत येईपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात मिरचीचा लगदा होतो. एकेक भाजी टाका, उकळी परत आली की वेळ मोजा, आणि झाऱ्याने काढून स्वच्छ कपड्यावर पसरा. गाजर ३ मिनिटं, फरसबी ३, फ्लॉवर २, सेलरी २, ढोबळी मिरची १. कांदे सर्वांत शेवटी, ३ मिनिटं, नाहीतर त्यांचा वास सगळ्या भाज्यांना लागतो. बरणी नंतर पाण्यात उकळायची असेल तर या वेळांतून प्रत्येकी अर्धं मिनिट कमी करा. उकळत्या द्रावातून काढलेलं गाजर दाताखाली ‘अजून कच्चं आहे’ असं वाटलं पाहिजे. ते बरणीतच तयार होतं.

करकरीतपणा कशावर अवलंबून असतो? भाजीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन किती शाबूत राहिलं त्यावर. आम्लात ते बऱ्यापैकी टिकतं, जास्त वेळ उष्णता मिळाली की विरघळतं. म्हणून कमी शिजवायचं आणि जास्त मुरवायचं. बर्फाच्या पाण्यात टाकण्याची युक्ती इथे वापरू नका. भाजीत पाणी शिरतं आणि मघाचा सगळा हिशोब पातळ होतो.

गरम भाज्या गरम बरणीत दाबून भरा, वरून उकळता द्राव ओता. एक किलोला अर्ध्या लिटरच्या चार बरण्या लागतात. वर सव्वा ते दीड सेंटिमीटर जागा सोडा. लाकडी काडी कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढा, पातळी खाली गेली तर द्राव घाला. द्राव संपला तर नुसतं व्हिनेगर गरम करून घाला, पाणी कधीच नाही.

बरण्या

परीक्षणासाठी चार प्रकार धरले आहेत: इटालियन बोर्मिओली रोक्को कंपनीच्या क्वात्रो स्ताजोनी आणि फिदो, जॅमच्या वापरलेल्या बाटल्या, आणि आपली चिनी मातीची बरणी.

क्वात्रो स्ताजोनी म्हणजे ‘चार ऋतू’. काचेवर फळांची नक्षी उठवलेली असते आणि सोनेरी रंगाचं एकसंध फिरकीचं झाकण असतं. अमेरिकन बरणीत चकती आणि कडं असे दोन भाग असतात, इथे एकच. झाकणाच्या आत, काठाला, मऊ थर असतो. उकळत्या पाण्यात तो मऊ पडून काचेच्या ओठावर बसतो आणि गार होताना घट्ट चिकटतो. झाकणाच्या मध्यभागी एक उंचवटा असतो. आतली हवा आक्रसली की तो ‘टक्‌’ असा आवाज करून खाली बसतो. हा आवाज काही मिनिटांत येतो, कधी तासाभराने. चोवीस तासांनी बोटाने दाबून बघा. उंचवटा हलला, टकटक वाजला, तर ती बरणी बंद झालेली नाही. तिला फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी संपवा. जार्दिनिएरासाठी हीच बरणी सर्वांत योग्य. तोंड रुंद असल्याने फ्लॉवर न मोडता भरता येतो आणि बंद झाल्याची खूण डोळ्यांना दिसते. मर्यादा एकच: कपाटात ठेवण्यासाठी झाकण दर वेळी नवं लागतं. थरावर एकदा काचेचा ठसा उमटला की तो दुसऱ्यांदा तसा बसत नाही. बरणी घेतानाच जादा झाकणं मागवा, त्याच मापाची, आणि झाकणं मिळत नसतील तर ही बरणी घेऊ नका. सुट्या झाकणांशिवाय तिचा अर्धा उपयोग गेला.

फिदो ही कडीची बरणी. काचेचं झाकण, रबराची रिंग, तारेचा सांगाडा. झाकणही काचेचं असल्यामुळे व्हिनेगरचा धातूशी संबंध येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण बाहेरची तार धातूचीच आहे. भरताना तिच्यावर द्राव सांडला आणि पुसला नाही तर बिजागरीपाशी गंजाचे ठिपके येतात. भरून झाल्यावर ओल्या कपड्याने, मग कोरड्या कपड्याने तार पुसा. बंद झाली की नाही हे कळायला उंचवटा नाही. पूर्ण गार झाल्यावर कडी उघडा. झाकण जागचं हललं नाही आणि झाकणाला धरून बरणी अलगद उचलता आली तर ती बंद आहे. उघडताना रिंगची जीभ ओढावी लागते, तेव्हा हवा आत शिरल्याचा ‘फुस्स्‌’ असा आवाज येतो. अमेरिकन सरकारी मार्गदर्शनात कपाटात टिकवायच्या मालासाठी कडीच्या बरण्यांची शिफारस नाही. युरोपात मात्र त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. फ्रिजमधल्या जार्दिनिएरासाठी फिदो उत्तमच. कपाटासाठी ती वापरायची तर रिंग दर वेळी नवी हवी, आणि बंद झाल्याची परीक्षा वर सांगितली तशी प्रत्येक बरणीची करायची.

फिदो खरी शोभते ती दुसऱ्या कामाला. व्हिनेगरशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेली जार्दिनिएराही करतात. आत वायू तयार झाला की रबराच्या रिंगमधून तो बाहेर निसटतो आणि बाहेरची हवा आत येत नाही, त्यामुळे रोज झाकण उघडावं लागत नाही. भाजी आणि पाणी यांच्या एकत्रित वजनाच्या ३ टक्के मीठ घ्या, उन्हाळ्यात साडेतीन. भाजी पाण्याखाली दाबून ठेवा, वर काचेचं वजन किंवा पाणी भरलेली छोटी पिशवी ठेवा. पंचवीस अंशांत पाच ते सात दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या उन्हाळ्यात तीन दिवसांतच ती जास्त आंबते, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून चाखत राहा आणि हवी ती चव आली की फ्रिजमध्ये टाका.

जॅमच्या जुन्या बाटल्या: काच उत्तम, झाकण अविश्वासू. आतल्या थराला जुन्या मालाचा वास धरलेला असतो आणि बारीक ओरखड्यांतून व्हिनेगर पत्र्यापर्यंत पोचतं. महिन्याभरात झाकणाच्या आत काळे ठिपके दिसू लागतात. फ्रिजमध्ये तीन-चार आठवड्यांत संपवायच्या घाण्याला या बाटल्या हरकत नाहीत. बाटल्यांच्या घाऊक दुकानात नवी झाकणं मिळतात. आपल्याकडच्या पुष्कळ जॅमच्या बाटल्यांचं तोंड ६३ मिमीचं असतं, पण बाटली सोबत नेऊन बसवूनच घ्या.

चिनी मातीची बरणी, दादरा बांधलेली, लोणच्याला आपण जिवापाड जपतो. इथे ती कामाची नाही. दादऱ्यातून हवा जाते, व्हिनेगर उडतं, आणि आतली भाजी द्रावाखाली आहे की वर आली आहे ते दिसत नाही. झिलईला तडे गेलेली जुनी बरणी तर आम्लासाठी मुळीच वापरू नका. प्लॅस्टिकच्या डब्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उकळता द्राव त्यांत ओतायचाच नाही.

पाण्यात उकळणं

फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर ही पायरी लागत नाही. गरम भरा, बंद करा, गार झाल्यावर फ्रिजमध्ये. दीड-दोन महिने छान राहते. कपाटात ठेवायची असेल तर झाकण लावण्याआधी बरणीचा ओठ व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कपड्याने पुसा. सेलरीचा एक धागा ओठावर राहिला तरी बरणी बंद होत नाही. खोल पातेल्यात तळाशी जाड कपडा अंथरा, बरण्या एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवा आणि झाकणांवर तीन सेंटिमीटर तरी पाणी येऊ द्या. गरम बरणी गरम पाण्यातच ठेवायची, गार पाण्यात ठेवली की काच तडकते.

अर्ध्या लिटरच्या बरणीला खळखळ उकळी आल्यापासून १० मिनिटं. हा वेळ समुद्रसपाटीचा आहे, मुंबई, रत्नागिरी, पणजीसाठी. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून ३०० मीटरच्या वर ५ मिनिटं वाढवायची. पुणे, नाशिक आणि महाबळेश्वर तिन्ही या हिशोबात येतात, तिथे १५ मिनिटं. वेळ झाल्यावर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बरण्या सरळ उचलून लाकडी पाटावर ठेवा. झाकण पुन्हा आवळू नका, बसलेला थर सरकतो.

मग पंधरा दिवस अंधाऱ्या जागी. तिसऱ्या दिवशी चाखलेली जार्दिनिएरा नुसती आंबट लागते, पंधराव्या दिवशी तिच्यात सेलरी आणि लवंग ओळखू येतात. पीएच तपासायचा असेल तर याच सुमाराला. नुसता द्राव तपासून उपयोग नाही. भाजीचे तुकडे थोड्या द्रावासकट मिक्सरमध्ये फिरवा आणि तो गर तपासा. पट्ट्या वापरणार असाल तर ३ ते ५ या टप्प्यातल्या घ्या. १ ते १४ दाखवणाऱ्या पट्टीवर ४.२ आणि ४.६ मधला फरक डोळ्यांना दिसतच नाही. डिजिटल मीटर घेतला तर वापरण्याआधी ४ आणि ७ च्या द्रावणांत तो जुळवून घ्या.

काय बिघडतं आणि का

भाजी मऊ पडली: जास्त उकळली, किंवा मुळात शिळी होती. मंडईतून आणलेला फ्लॉवर त्याच दिवशी वापरा.

फ्लॉवर गुलाबी झाला: त्यातले रंगहीन घटक आम्लात रंग धरतात. लसूण घातलाच असेल तर तो निळा-हिरवा होतो, तेही गंधकाच्या घटकांचं आणि आम्लाचं काम. दोन्ही निर्धोक. फरसबीचा हिरवा रंग जाऊन ती शेवाळी दिसते, त्यावर उपाय नाही. सोडा घालून हिरवा रंग टिकवायचा विचार मनातही आणू नका, सोडा आम्ल मारतो.

द्राव थोडा गढूळ आणि तळाशी पांढरट गाळ: मीठ किंवा न गाळलेलं व्हिनेगर. पण गढूळपणाबरोबर बुडबुडे, फुगलेलं झाकण, उघडताना फसफस किंवा कुबट वास असेल तर चाखू नका. ‘थोडंसं जिभेवर लावून बघू’ इथे चालत नाही, कारण बोट्युलिझमच्या विषाला चव आणि वास असेलच असं नाही. बरणी बंद पिशवीत घालून टाकून द्या. वर बुरशी आली तर वरचा थर काढून खालची भाजी खायची हेही नको. काही बुरश्या आम्ल खातात आणि त्यांच्याखाली पीएच वाढतो.

वरची भाजी तपकिरी पडली: ती द्रावाच्या वर आली होती. दाबून भरली नव्हती किंवा बुडबुडे काढले नव्हते.

विकतच्या जार्दिनिएराशी तुलना करायची झाली, तर स्वस्त कारखानी मालात भाज्या पुष्कळदा आधी खारट पाण्यात साठवलेल्या असतात, मग धुऊन व्हिनेगरमध्ये घातलेल्या. त्यामुळे त्या एकसारख्या मऊ आणि बेचव आंबट लागतात. गाजर आणि फ्लॉवर डोळे मिटून खाल्ले तर फरक कळत नाही. घरच्या बरणीची कसोटी नेमकी हीच ठेवा: डोळे मिटून प्रत्येक भाजी ओळखता आली पाहिजे.

वाढताना द्राव निथळून घ्या, वर ऑलिव्ह तेलाची धार. इटलीत ती हॅम-सलामीच्या ताटात आणि उकडलेल्या मांसाच्या बोल्लितो मिस्तोसोबत येते, तिचं काम तेलकटपणा कापण्याचं. शाकाहारी ताटात ती चीजबरोबर किंवा उकडलेल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये तेच काम करते. नेपल्समध्ये नाताळात उकडलेला फ्लॉवर, ऑलिव्ह आणि अशाच व्हिनेगरमधल्या भाज्या घालून इन्सालाता दि रिन्फोर्त्सो करतात, अँचोव्ही ही खारवलेली मासळी न घालता तीही घरी सहज होते. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्यानेच काढा आणि महिन्याभरात संपवा. उरलेला द्राव सॅलडवर घाला, पण त्यात पुन्हा नवी भाजी घालून दुसरा घाणा काढू नका. पहिल्या भाजीने त्यातलं निम्मं आम्ल आधीच घेतलेलं असतं.